‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स कमी पडतो’ म्हणून दोनदा व्हीपीपद हुकलं, तर पुढे काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यात इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत एमबीए, न्यू जर्सीतल्या एका मोठ्या औषध कंपनीत बरीच वर्षं, आता सीनिअर डायरेक्टर. कामाचं रेटिंग दरवर्षी वरचं. व्हीपीच्या, म्हणजे व्हाइस प्रेसिडेंटच्या, जागेसाठी दोनदा नाव गेलं आणि दोनदा परत आलं. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं: ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स’, म्हणजे वरच्या पदाला शोभेल असा वावर, कमी पडतो, जरा ठामपणे बोलत जा. तुमच्याच पायरीवर असलेल्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईंना मात्र त्याच बॉसने सांगितलं, जरा सौम्य व्हा, लोक बिचकतात. तुम्ही विचारलंय, हे मी बाई आहे म्हणून, भारतीय आहे म्हणून, की खरंच माझ्यातच काही कमी आहे? आणि आता कोच लावू, तक्रार करू, की कंपनी सोडू?

मी अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी टॅलेंट मॅनेजमेंटचं काम करते. वरच्या जागांसाठी कोणाची नावं यादीत चढतात आणि कोणाची गळतात, त्या बैठका चालवणं हा माझा व्यवसाय. पूर्वी नोकरीत होते, आता सल्लागार आहे. म्हणून उत्तर त्या बंद खोलीच्या आतून देते. मी वकील नाही, तेव्हा कायद्याचं जे काही खाली लिहिलंय ते वकिलाकडून तपासून घ्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी जरा आडवं उत्तर देणार आहे. बाई म्हणून किती, भारतीय म्हणून किती आणि स्वतःची उणीव किती, असा हिशेब मांडता येत नाही. माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक गौरेतर बाईने हा हिशेब मांडून पाहिलेला असतो, रात्र रात्र जागून, आणि तो कधीच जुळत नाही. न जुळण्याचं कारण अमेरिकेच्या न्यायालयात एकदा फार स्वच्छ दिसलं होतं. सेंट लुईसच्या पाच कृष्णवर्णीय कामगार बायकांनी जनरल मोटर्सवर खटला भरला होता. १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, आणि १९७० नंतर लागलेल्या झाडून सगळ्या कृष्णवर्णीय बायका घरी गेल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने काय म्हणावं? कंपनीने बायकांना नोकऱ्या दिल्या आहेत, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. त्या बायका गोऱ्या होत्या. वंशाचा मुद्दा असेल तर तो वेगळा मांडा. दोन्ही मुद्दे एकत्र करून नवा वर्ग तयार करता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची, म्हणजे वंश आणि लिंग यांचे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात, ही कल्पना मांडली, तेव्हा हाच खटला समोर ठेवला होता.

आता तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर जा आणि व्हीपी व त्यावरच्या लोकांचे फोटो बघा. माझा अंदाज आहे, गोऱ्या बायका बऱ्यापैकी दिसतील, भारतीय पुरुषही दिसतील. म्हणजे ‘महिला’ या रकान्यात बरोबरची खूण, ‘एशियन’ रकान्यातही बरोबरची खूण. तुम्ही ज्या चौकटीत बसता, ती रिकामी असली तरी कोणत्याच अहवालात दिसत नाही. कोणी मुद्दाम लपवलेलं नसतं. तो तक्ता तसा काढायला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

थोडे आकडे, कारण आपल्या मंडळींत ‘आपल्याला कुठे काय त्रास आहे, हे सगळं ब्लॅक लोकांचं’ असं बिनदिक्कत बोललं जातं. मॅकिन्झी आणि लीनइन या संस्था २०१५ पासून दरवर्षी अमेरिकी कंपन्यांतल्या स्त्रियांचा अहवाल काढतात. २०२४ च्या अहवालात सर्वोच्च पदांवर, म्हणजे सीईओ, सीएफओ वगैरेंच्या फळीत, स्त्रिया २९ टक्के होत्या. गौरेतर स्त्रिया फक्त ७ टक्के. पहिली बढती, साध्या कर्मचाऱ्याची मॅनेजर होणं, त्याचा हिशेब आणखी बोलका आहे. १०० पुरुष मॅनेजर झाले तेव्हा आशियाई स्त्रिया ९९ झाल्या, गोऱ्या ८९, लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) ६५ आणि कृष्णवर्णीय ५४. म्हणजे तुमच्या सहकारी बाई आणि तुम्ही एकाच जागी अडकलेल्या दिसत असलात तरी इथवरचे रस्ते वेगळे होते. त्यांच्यासारख्या बायकांना पहिली पायरी चढण्याची संधीच पुरुषांच्या जेमतेम निम्मी मिळते. आपल्याकडच्या बायका पहिली पायरी सहज चढतात, म्हणून वाटतं की जिना मोकळा आहे. आपलं घोडं पेंड खातं ते वर, जिथे कामाचा दर्जा मोजून होतो आणि ‘ही त्या खुर्चीत शोभेल का’ हे बघायला सुरुवात होते.

त्यात वर पोचलेल्या भारतीय बायकांची नावं हाताशी असतात. इंद्रा नूयी २००६ ते २०१८ पेप्सिकोच्या प्रमुख होत्या. कोल्हापुरात वाढलेल्या, सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेल्या लीना नायर २०२२ पासून शनेलच्या प्रमुख आहेत. मुंबईत जन्मलेल्या रेश्मा केवलरमानी २०२० मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीच्या सीईओ झाल्या, म्हणजे अगदी तुमच्याच क्षेत्रात. अभिमान जरूर वाटावा. पण ही नावं तुमच्या बॉसच्या तोंडीही असतात, आणि तिथे त्यांचा उपयोग ‘बघा, अडचण काहीच नाही’ एवढाच होतो.

आता त्या खोलीत काय घडतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे. याला टॅलेंट रिव्ह्यू किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. भिंतीवरच्या पडद्यावर नऊ चौकोनांचा तक्ता असतो, नाइन बॉक्स. आडव्या बाजूला कामगिरी, उभ्या बाजूला क्षमता. कामगिरीचे आकडे आधीच आलेले असतात, त्यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो क्षमतेवर, म्हणजे पुढच्या पदावर हा माणूस काय करेल यावर, आणि त्याला आकडा नसतो. एकेका नावाला पाच-सात मिनिटं मिळतात. एका पुरुषाचं नाव येतं. कोणीतरी म्हणतं, ‘थोडा कच्चा आहे, पण टाका खोल पाण्यात, शिकेल.’ चौकोन वर सरकतो. मग एका बाईचं नाव येतं, बहुतेकदा आपल्यासारख्या आडनावाचं. ‘फारच भरवशाची. तिच्यामुळे माझा विभाग चालतो.’ थोडी शांतता. ‘पण ती गेली तर तिची जागा कोण घेणार?’ आणखी कोणीतरी, ‘तिला मोठं चित्र दिसतं का, खात्री नाही.’ चौकोन आहे तिथेच राहतो. कोणीही वाईट बोललेलं नाही. उलट सगळ्यांनी कौतुकच केलंय. आणि ‘खात्री नाही’ म्हणणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारणारं त्या टेबलाभोवती कोणी नसेल, तर विषय तिथेच संपतो.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तीन अभ्यासकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. बायकांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा जास्त होते आणि क्षमतेचे कमी. बढतीतल्या फरकाचा मोठा भाग या क्षमतेच्या गुणांतूनच येत होता. त्यामुळे तुमचं रेटिंग वरचं असूनही नाव मागे येतं, यात विसंगती काही नाही. चांगलं काम करून दाखवण्याने जो रकाना भरतो, तो तुमचा भरलेलाच आहे. अडलंय दुसऱ्या रकान्यात.

‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स’ हा शब्द त्या दुसऱ्या रकान्याचा. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, आणि ते मला इथून दिसत नाही हे मान्य करते. कधी कधी या शब्दामागे खरंच एखादं शिकता येण्यासारखं कौशल्य असतं. आपल्या लोकांत मी वारंवार पाहिलेलं एक सांगते. सीएफओ विचारतो, ‘लाँच वेळेवर होणार का?’ आपण सुरुवात करतो पार्श्वभूमीपासून: व्हेंडर बदलला, मग डेटा उशिरा आला, मग टीमने काय केलं, आणि सहाव्या वाक्यात ‘हो, दोन आठवडे उशिरा’. शाळेत गणित पायऱ्यांसकट सोडवलं तरच गुण मिळायचे, ती सवय. वरच्या माणसाला आधी ‘दोन आठवडे उशिरा होईल, आणि ते मला चालेल’ एवढं हवं असतं, पायऱ्या विचारल्या तर. हे महिनाभरात सुधारता येतं. दुसरी सवय, प्रत्येक यशाला ‘आम्ही’ आणि चुकीला ‘मी’. संस्कार म्हणून छान आहे, पण त्या नऊ चौकोनांच्या खोलीत ‘निर्णय कोणी घेतला’ हे विचारतात तेव्हा ‘टीमने’ हे उत्तर तुमच्या नावावर जमा होत नाही.

आणि कधी कधी त्या शब्दामागे काहीच नसतं. म्हणजे उंची, आवाजाची पट्टी, उच्चार, गोल्फ, कोणत्या गावात राहता, एवढंच असतं, आणि ते सांगायची कोणाची हिंमत नसते. कौशल्य आणि आवड यांतला फरक ओळखायचा एकच उपाय मला माहीत आहे, तो म्हणजे तपशील मागणं. बॉसला सांगा: ‘गेल्या वर्षातली एक मीटिंग सांगा, जिथे माझा प्रेझेन्स कमी पडला. समोर कोण होतं, मी काय केलं, आणि तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं?’ मग विचारा: ‘गेल्या वर्षी जो व्हीपी झाला, त्याच्याकडे या बाबतीत काय होतं जे माझ्याकडे नाही?’ तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ‘ही उणीव भरून निघाली हे कोण ठरवणार, कशावरून, आणि कधीपर्यंत?’ चेहरा शांत ठेवून, वहीत लिहून घेत विचारा. उत्तर नेमकं आलं तर ते सोनं आहे, त्यावर काम करा. उत्तर ‘अगं, तसं सांगता येत नाही, ते एकूण इम्प्रेशन असतं’ असं आलं, तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली. त्याच संध्याकाळी बॉसला छोटा मेल टाका: आपलं हे हे बोलणं झालं, मी अमुक करणार आहे, तमुक महिन्यात पुन्हा बसू. मेलमध्ये एकही कडू शब्द नको. तो मेल पुढे कामाला येतो.

आता तुमच्या सहकारी बाईंकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मौल्यवान भाग तोच आहे आणि तुम्ही तो ओझरता लिहिलाय. एकच बॉस एकीला सांगतो आवाज वाढव आणि दुसरीला सांगतो आवाज कमी कर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातला प्रकार. आशियाई बाई म्हणजे मुकाट, कष्टाळू, नेतृत्वाला मऊ; कृष्णवर्णीय बाई म्हणजे तापट. दोघींनाही स्वतःच्या वागण्यावर नाही, तर समोरच्याच्या मनातल्या चित्रावर अभिप्राय मिळतोय. भाषातज्ज्ञ किरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये टेक कंपन्यांतले २४८ लेखी रिव्ह्यू तपासले होते. ‘अ‍ॅब्रेसिव्ह’, म्हणजे खरखरीत, हा शब्द बायकांच्या रिव्ह्यूत पुन्हा पुन्हा आला, पुरुषांच्या एकाही रिव्ह्यूत नाही. आणि अ‍ॅशली शेल्बी रोझेट व रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांच्या २०१२ च्या अभ्यासात असं दिसलं की कंपनी तोट्यात गेली की कृष्णवर्णीय स्त्री प्रमुखाला कृष्णवर्णीय पुरुषापेक्षा आणि गोऱ्या स्त्रीपेक्षाही जास्त दोष दिला जातो. म्हणजे त्यांना चूक करायला जागा तुमच्यापेक्षाही कमी आहे. तुमच्या दोघींच्या समस्या सारख्या नाहीत, हे कळणं त्यांच्याशी बोलण्याआधी गरजेचं आहे. ‘मलाही अगदी तसंच होतं’ म्हणून सुरुवात केलीत तर त्या अर्ध्यात उठतील.

पण बोला मात्र. माझ्या पाहण्यात, एका विभागातल्या दोन गौरेतर बाया एकमेकींना टाळतात, कारण दोघींना कुठेतरी वाटत असतं की जागा एकच आहे. कॉफीला जा, दोघींना मिळालेले अभिप्राय शेजारी शेजारी ठेवा, शक्य असेल तर पगाराचे आकडेही. कंपनीला हे आवडणार नाही. सर्वसाधारण कामगारांना पगाराबद्दल बोलायचं संरक्षण देणारा राष्ट्रीय श्रम कायदा सुपरवायझर पातळीच्या लोकांना लागू होत नाही, हे बऱ्याच डायरेक्टरांना माहीत नसतं. न्यू जर्सीत मात्र भेदभाव होतोय का हे तपासण्यासाठी सहकाऱ्याला पगार विचारला तर त्याचा सूड घेण्यास राज्याच्या कायद्याने २०१३ पासून मनाई आहे. तुम्ही राहता त्या राज्याचा हा फायदा आहे, टेक्सासमधल्या मैत्रिणीला हाच सल्ला देताना मी दोनदा विचार केला असता.

स्पॉन्सर. हा शब्द सगळे वापरतात आणि मेंटॉरशी गल्लत करतात. मेंटॉर तुमच्याशी बोलतो, स्पॉन्सर तुमच्याबद्दल बोलतो, तुम्ही नसताना, आणि स्वतःची पत पणाला लावून. अर्सुला बर्न्स झेरॉक्समध्ये १९८० मध्ये उन्हाळी इंटर्न म्हणून आल्या, मेकॅनिकल इंजिनिअर. १९९० च्या सुमारास वेलंड हिक्स या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना आपली एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणून घेतलं, मग पॉल अलेअर यांनी, जे कंपनीचे प्रमुख होते. नावाला असिस्टंट, पण निर्णय होतात त्या प्रत्येक खोलीत खुर्ची. २००९ मध्ये त्या सीईओ झाल्या, फॉर्च्युन ५०० कंपनीची पहिली कृष्णवर्णीय स्त्री प्रमुख. त्या बुद्धिमान होत्याच, पण बुद्धिमान इंजिनिअर झेरॉक्समध्ये शेकड्यांनी असतील. कोणी कोणाला कोणत्या खोलीत नेलं, हे त्यांच्या गोष्टीत वाचायचं असतं.

म्हणून तुम्हाला माझा प्रश्न: टॅलेंट रिव्ह्यूच्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी, बॉस सोडून, किती जणांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय? त्यांची यादी करा. यादीत कोणीच नसेल, तर कोच लावून उपयोग शून्य. ‘माझे स्पॉन्सर व्हाल का’ असं विचारून स्पॉन्सर मिळत नाही, ते लग्नाच्या मागणीसारखं विचित्र होऊन बसतं. त्यांच्या अडचणीचं काम उचला. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाचा रखडलेला प्रकल्प असेल, त्यात तीन महिने घाला आणि निकाल तुम्हीच सादर करा. सादरीकरण बॉसला करू देऊ नका, ‘आकडे मला जास्त माहीत आहेत, मीच करते’ एवढं म्हणून विषय संपवा.

तीन महिने कुठून आणायचे? तुमच्या कॅलेंडरमधून आधी काही काढा. इंटर्नचं ओरिएंटेशन, दिवाळीचा कार्यक्रम, एशियन एम्प्लॉयी ग्रुप, डायव्हर्सिटी पॅनेल, ऑफसाइटची व्यवस्था, मीटिंगचे मिनिट्स. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की ज्या कामाने बढती मिळत नाही असं काम मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा जवळपास दीडपट वेळा उचलतात. गौरेतर बायकांवर त्यात कंपनीच्या माहितीपत्रकातला फोटो आणि कॉलेजातल्या भरतीचा स्टॉल यांची भर पडते. जानेवारी २०२५ मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनंतर तर बऱ्याच कंपन्यांनी डायव्हर्सिटीचे विभागच गुंडाळले, म्हणजे त्या कामाचं जे थोडंफार श्रेय मिळायचं तेही गेलं. सगळं सोडा म्हणत नाही. पुढच्या वेळी विचारलं की ‘करते, पण त्या बदल्यात अमुक स्टिअरिंग कमिटीवर मला घ्या’ असं म्हणून बघा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमची खुर्ची कुठे आहे. तुम्ही विभाग लिहिला नाहीत. अ‍ॅनालिटिक्स, आयटी, क्वालिटी, ऑपरेशन्स असेल तर ऐका. आपली माणसं याच खोल्यांत दाटलेली असतात, कारण भरतीच तिथे झालेली असते, आणि या खोल्यांतून वर जाणारा दरवाजा अरुंद असतो. वरची पदं बहुतांशी नफ्या-तोट्याची थेट जबाबदारी घेतलेल्यांना मिळतात: एखादा ब्रँड, एखादा देश, एखादी सेल्स फोर्स. त्यामुळे बढतीऐवजी त्याच पातळीवर कमर्शियलमध्ये, म्हणजे विक्री-व्यवसायाच्या बाजूला, उडी मारणं, पगारात काहीच न वाढता, हा कधी कधी जास्त शहाणपणाचा सौदा असतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. बायकांना आणि गौरेतरांना मोठी संधी बहुतेकदा बुडत्या जहाजावर मिळते. मिशेल रायन आणि अलेक्स हॅस्लम यांनी २००५ मध्ये या प्रकाराला ‘ग्लास क्लिफ’ (काचेचा कडा) असं नाव दिलं. पेटंट संपत आलेला ब्रँड कोणी प्रेमाने देऊ केला तर हो म्हणण्याआधी बजेट, माणसं, किती तिमाह्या मिळणार आणि ब्रँड गेला तर परतीची जागा कोणती, हे लेखी घ्या.

ग्रीन कार्डाची रांग अजून चालू असेल तर आणखी एक गाठ. पर्मच्या, म्हणजे कंपनीने तुमच्या जागेसाठी कामगार खात्याची मंजुरी घेण्याच्या, टप्प्यावर असताना कामाचं स्वरूप बरंच बदललं तर कागदपत्रं नव्याने करावी लागू शकतात, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे ते सांगायला नको. काही बायका याच भीतीने बढती मागत नाहीत आणि काही बॉस हे ओळखून असतात. इमिग्रेशन वकिलाची तासाभराची फी द्या आणि नक्की काय बदलता येतं ते विचारून घ्या. कंपनीचा वकील कंपनीचा असतो.

थोडं कटू बोलते. वाट अडवणारा दर वेळी गोरा असतो असं नाही. आपल्याच पुरुष बॉसने ‘प्रवास जास्त आहे, घरी जमेल का?’ असं विचारून परस्पर नाव काढल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत, आणि त्यात त्याला आपण काळजीच घेतली असं मनापासून वाटत होतं. भारतीयांच्या नेटवर्कमध्ये कॉलेज, भाषा आणि जात यांची गणितंही इथवर आलेली आहेत. सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली ती हवेतून नाही. तेव्हा ‘तो आपलाच आहे, सांभाळून घेईल’ यावर करिअर बेतू नका.

तक्रारीबद्दल. एचआरमध्ये आयुष्य घालवलेली बाई म्हणून सांगते, एचआरचं काम कंपनीची जोखीम कमी करणं हे आहे. तक्रार नेमकी, तारखांसह, लेखी असेल तर ती जोखीम बनते आणि मग हालचाल होते. ‘मला डावललं जातंय असं वाटतं’ या वाक्याने काहीही होत नाही. ‘अमुक तारखेला मला ठामपणे बोला म्हणाले, तमुक तारखेला माझ्या सहकारी बाईंना सौम्य व्हा म्हणाले, आणि ज्यांना पद मिळालं त्यांचं रेटिंग माझ्याहून खालचं होतं’ या वाक्याने होतं. मुदती लक्षात ठेवा: न्यू जर्सीत समान रोजगार संधीच्या संघीय आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, ३०० दिवस, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस, राज्याच्या कायद्याखाली कोर्टात जायला दोन वर्षं. पहिला नकार कदाचित मुदतीबाहेर गेला असेल, दुसरा नसेल. पगारातला फरक असेल तर राज्याचा २०१८ चा समान वेतन कायदा फक्त स्त्री-पुरुष फरकापुरता नाही, वंशालाही लागू आहे, आणि मागचा पगार सहा वर्षांपर्यंत मागता येतो. शिवाय १ जून २०२५ पासून न्यू जर्सीतल्या कंपन्यांनी बढतीच्या जागा संबंधित विभागातल्या सगळ्यांना आधी कळवायच्या आहेत. निव्वळ कामगिरी किंवा सेवाकाळ पाहून दिलेल्या बढतीला त्यातून सूट आहे, आणि त्या सवलतीचा आधार घेतला जातोच. तरी ‘ही जागा जाहीर कधी झाली?’ हा प्रश्न आता कायद्याच्या बळावर विचारता येतो. वकिलाला भेटणं म्हणजे खटला भरणं नव्हे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक बायका वकिलाला भेटल्या, कागद नीट लावून घेतले, आणि खटला न भरता जास्त शांतपणे वाटाघाट करू शकल्या.

कोच लावायचा तर आधी वरचे तीन प्रश्न विचारून, उणीव नेमकी कळल्यावर. कंपनी पैसे देणार असेल तर अहवाल कोण वाचणार ते विचारा.

सोडून जाण्याबद्दल माझं मत: टॅलेंट रिव्ह्यूचं आणखी एक पूर्ण चक्र द्या, त्याहून जास्त नाही. या चक्रात तपशील मिळाले, टेबलावरच्या आणखी दोघांनी तुमचं काम पाहिलं, तर थांबण्यात अर्थ आहे. तिसऱ्यांदाही तेच शब्द आले तर बाहेर बघा, आणि राहत्या नोकरीत असतानाच बघा. बाहेर ‘व्हीपी’ या दोन अक्षरांना भुलू नका. बँकांत व्हीपी म्हणजे मधली फळी. नव्या जागेत तुमच्यापासून सीईओपर्यंत किती माणसं आहेत आणि बजेटवर सही कोणाची, हे बघा.

आणि बॉसशी ते बोलणं वर्षअखेरच्या रिव्ह्यूत करू नका. तोवर नऊ चौकोनांचा तक्ता भरून झालेला असतो आणि बढत्यांचं बजेट ठरलेलं असतं, बॉसला इच्छा असली तरी करण्यासारखं काही उरत नाही. टॅलेंट रिव्ह्यूच्या निदान तीन महिने आधी बसा. तुमच्या कंपनीत तो कोणत्या महिन्यात होतो हे डायरेक्टर पातळीवरही अनेकांना माहीत नसतं. तुमच्या विभागाच्या एचआर पार्टनरला विचारा, ती तारीख गुप्त नसते.